मदतीला आलेले सेनापती



गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे आलेल्या सभासदांच्या पत्रांत एक सूर वारंवार ऐकू येतो. रनिंग रूममधल्या गप्पांत आणि टपाल कार्यालयाच्या सॉर्टिंगच्या टेबलाभोवतीही तो ऐकू येतो. "पाच वर्षे देश लष्कराच्या ताब्यात द्या, सगळे सरळ होतील." असे म्हणणारे आमचे शत्रू नाहीत. बहुतेक जण प्रामाणिक, घाम गाळणारे, रोजच्या दिरंगाईने आणि वशिलेबाजीने गांजलेले लोक आहेत. एका ट्रॅकमन बंधूने आम्हाला चार पाने लिहिली. त्यांचा रात्रपाळीचा भत्ता सात महिने अडकला आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले आहे, "आफ्रिकेत बघा, लष्करी अधिकारी उठतो, भ्रष्ट पुढाऱ्यांना आत टाकतो आणि स्वतः राष्ट्राध्यक्ष होतो. आपल्याकडे असा एकही माणूस का निघत नाही?"

प्रश्न सरळ आहे आणि त्याला सरळच उत्तर द्यायला हवे. पण आफ्रिकेत जाण्याआधी आम्ही या बंधूंना तंजावरच्या वाटेने नेणार आहोत. कारण असा माणूस आपल्यातही निघाला होता, आणि तो मराठी होता.

तंजावरपासून उत्तरेला दहा-बारा किलोमीटरवर तिरुवैयारु नावाचे गाव आहे. वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि कावेरी या पाच नद्यांवरून त्याला हे नाव पडले. तंजावरहून बसने निघालात तर एकामागून एक पूल लागत जातात. दोन्ही बाजूंना भातशेती, मधूनच केळीचे मळे. गावात पंचनदीश्वराचे पुरातन देऊळ आहे आणि कावेरीच्या काठी त्यागराजांची समाधी आहे. तमिळ मुलुखात, मराठी राजाच्या अमलाखाली, तेलुगूत पदे रचणारा हा संत १८४७ साली इथेच निवर्तला. दरवर्षी पौष वद्य पंचमीला गवयी जमतात आणि समाधीपुढे एकत्र बसून गातात. महासंघाच्या कामासाठी त्या बाजूला जाणे झाले की आम्ही वाट वाकडी करून तिथे जातो. गावाच्या उत्तरेला कावेरीची दुसरी शाखा कोल्लिडम वाहते आणि तिच्या पलीकडच्या काठावर तिरुमळपाडी आहे. याच पट्ट्यात सव्वातीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी जे घडले, ते आमच्या ट्रॅकमन बंधूंनी ऐकावे.

१६७३ साली मदुरेच्या चोक्कनाथ नायकाने तंजावरवर स्वारी केली. तंजावरचा वृद्ध राजा विजयराघव नायक लढाईत मारला गेला. चोक्कनाथाने कारभार पाहण्यासाठी आपला दूधभाऊ अळगिरी याला तिथे ठेवले. अळगिरी थोड्याच दिवसांत मदुरेला जुमानेनासा झाला. इकडे तंजावरच्या नायक घराण्यातला एक लहान मुलगा, चेंगमलदास, दाईने नागपट्टणला पळवून नेला होता आणि एका व्यापाऱ्याच्या घरी तो वाढत होता. जुन्या दरबारातला वेंकण्णा नावाचा कारभारी या मुलाची बाजू घेऊन विजापूरला गेला आणि आदिलशहाकडे फौज मागितली. आदिलशाहीने आपला एक सरदार पाठवला. हा सरदार म्हणजे शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी भोसले. त्यांना एकोजीही म्हणतात. बंगळूरची जहागीर त्यांच्याकडे होती. हुकूम स्पष्ट होता. अळगिरीला हुसकावून लावायचे, खऱ्या वारसाला गादीवर बसवायचे आणि परत यायचे.

व्यंकोजींनी पहिली दोन कामे चोख केली. अळगिरीचा पराभव झाला आणि चेंगमलदासाला गादीवर बसवण्यात आले. फौजेच्या खर्चाचा हिशेब मात्र पुरा होईना, म्हणून फौज जवळपासच राहिली. वेंकण्णाला मुख्य कारभाऱ्याची जागा हवी होती. ती नागपट्टणच्या त्या व्यापाऱ्याला मिळाली. परंपरा असे सांगते, की रुसलेला वेंकण्णा व्यंकोजींकडे गेला आणि म्हणाला, गादी तुम्हीच घ्या. व्यंकोजींनी घेतली. १६७५-७६ च्या सुमारास तंजावर भोसल्यांचे झाले आणि १८५५ पर्यंत त्यांच्याच नावावर राहिले.

तंजावरच्या भोसल्यांविषयी आमच्या मनात आकस नाही, हे इथेच सांगून टाकतो. सरस्वती महालातली ग्रंथसंपदा, मोडी कागदांचे गठ्ठे, राजांनी लिहिलेली मराठी नाटके, यात्रेकरूंसाठी बांधलेली अन्नछत्रे हे सारे कोणाही मराठी माणसाला अभिमान वाटावा असेच आहे. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. तो पाहताना आमचीही मान ताठ होते. पण अभिमान एका खिशात ठेवावा आणि हिशेबाची वही दुसऱ्या खिशात. सेनापती राजा झाल्यावर भात पिकवणाऱ्याचे काय झाले, हे कामगाराने विचारलेच पाहिजे.

याचे उत्तर एका अनपेक्षित ठिकाणी सापडते. त्या काळी तमिळ मुलुखात फिरणारे जेझुइट पाद्री आपल्या वरिष्ठांना नियमित पत्रे पाठवत. १६७६ सालच्या पत्रात व्यंकोजींच्या कारभाराची स्तुती आहे. न्याय मिळू लागला, तळी आणि कालवे दुरुस्त झाले, वर्षानुवर्षे पडीक असलेली शेते पिकू लागली, लोक जुन्या राजाला विसरू लागले, असा त्यातला आशय आहे. म्हणजे आमचे पत्रलेखक बंधू ज्याची वाट पाहत आहेत, नेमके ते पहिल्या वर्षी घडले. सगळे सरळ झाले. त्यानंतर सात वर्षांनी, १६८३ मध्ये, दुसऱ्या पाद्र्याने लिहिलेले पत्र पहा. त्यात म्हटले आहे की एकोजी पिकाचे पाचापैकी चार हिस्से घेतो, आणि ते धान्यात न घेता रोख मागतो. ज्याने हंगामात घाईने भात विकून कर्ज फेडले आहे, त्याला रोख मागण्याचा अर्थ समजावून सांगायला नको. पाद्री परका होता, त्याचे स्वतःचे राग-लोभ होते, आकड्यात थोडी अतिशयोक्ती असेलही. तरी त्याच मंडळींनी आधी स्तुती केली होती हे विसरता येत नाही.

मग शेतकऱ्याने करायचे काय? विजापूरला जाऊन सांगायचे की तुमचा सेनापती परत बोलवा? विजापूर स्वतःच शेवटच्या घटका मोजत होते आणि १६८६ मध्ये ते औरंगजेबाने घेतले. वेंकण्णाकडे जायचे? त्याच्या हातात काही उरले नव्हते. जो तलवारीच्या जोरावर आला, त्याला जा म्हणण्याची जागा राज्यात कुठेही नव्हती. आमच्या मते साऱ्या गोष्टीचे मर्म इथे आहे. व्यंकोजी दुष्ट होते असा आमचा दावा नाही. त्यांना बिल दाखवणारे कोणी नव्हते, एवढेच आम्ही म्हणतो.

एक मात्र खरे, की त्यांना हिशेब विचारायला एक माणूस आला होता. १६७७ च्या पावसाळ्यात दक्षिण दिग्विजयावर निघालेले शिवाजी महाराज कोल्लिडमच्या काठी तिरुमळपाडीला उतरले आणि त्यांनी सावत्र भावाला भेटीला बोलावले. वडिलांच्या दौलतीतला अर्धा वाटा द्या, असे त्यांचे म्हणणे होते. काही दिवस बोलणी चालली. एका रात्री व्यंकोजी गुपचूप कोल्लिडम ओलांडून तंजावरला निघून गेले. पुढे लढाई झाली, आणि व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांच्या शहाणपणामुळे तह झाला. तिरुवैयारुच्या काठावर उभे राहिले की ती रात्र डोळ्यांपुढे येते. पण तो भावांचा वाटणीचा हिशेब होता. कावेरीकाठच्या कुळाचा हिशेब त्या तहात कोणी मांडला नाही.

मदतीला येणाऱ्यांची ही रीत तंजावरात पुढेही चालू राहिली. १७४९ मध्ये पदच्युत झालेले सयाजीराजे इंग्रज कंपनीकडे गेले, मला गादी परत मिळवून द्या म्हणून. कंपनीची फौज आली. तिने देवीकोट्टै घेतले आणि गादीवर असलेल्या प्रतापसिंहाशीच समझोता केला. सयाजींच्या वाट्याला पेन्शन आली. १७७३ मध्ये अर्काटच्या नवाबाने कंपनीच्याच फौजेच्या मदतीने तंजावर जिंकले आणि तुळजाजीराजांना कैद केले. ते राज्य परत देण्याचा हुकूम विलायतेहून आला. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पिगट यांनी १७७६ मध्ये तो अमलात आणला, तेव्हा पॉल बेनफील्ड नावाचा सावकारी करणारा कंपनीचा नोकर उभा राहिला. नवाबाने कर्जापोटी तंजावरचा महसूल मला तोडून दिला आहे, असे तो म्हणू लागला. वाद इतका पेटला की कौन्सिलातल्या बहुमताच्या सांगण्यावरून कर्नल जेम्स स्टुअर्ट या लष्करी अधिकाऱ्याने ऑगस्ट १७७६ मध्ये खुद्द गव्हर्नरलाच अटक केली. पिगट कैदेतच मेले. आफ्रिकेतल्या लष्करी उठावांच्या बातम्या वाचून आपण हसतो, पण मद्रासेत हा प्रयोग अडीचशे वर्षांपूर्वी झाला होता, आणि त्याच्या मुळाशी कावेरीकाठच्या भाताचा महसूल होता. शेवटी १७९९ च्या तहाने कंपनीने सारा मुलूख घेतला आणि राजांकडे किल्ला आणि नेमणूक तेवढी ठेवली. सरफोजींचे बोलावणे त्यागराजांनी नाकारले असे सांगतात. त्यांच्या आयुष्याच्या तीस-बत्तीस वर्षांतच तंजावरची सत्ता इतक्या वेळा हात बदलून गेली, की दरबारात न जाण्यात भक्तीबरोबर थोडा व्यवहारही असावा असे आम्हाला वाटते.

आता आफ्रिका. पत्रलेखक बंधूंनी वाचलेल्या बातम्या खोट्या नाहीत. जुलै २०२३ मध्ये नायजर देशात राष्ट्राध्यक्ष बाझूम यांना कैद करणारे जनरल चियानी हे त्यांच्याच रक्षक दलाचे प्रमुख होते. मार्च २०२५ मध्ये त्यांनी पाच वर्षांसाठी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. ऑगस्ट २०२३ मध्ये गॅबनच्या राष्ट्राध्यक्षांना दूर करणारे जनरल ओलिगी एन्गेमा हेही रिपब्लिकन गार्डचेच प्रमुख. एप्रिल २०२५ मध्ये निवडणूक झाली आणि नव्वद टक्क्यांहून अधिक मते घेऊन ते राष्ट्राध्यक्ष झाले. ज्यांना काढले तेही काही साधुसंत नव्हते. गॅबनमध्ये बाप-लेकांनी मिळून पन्नासहून अधिक वर्षे राज्य केले होते, आणि ते गेल्यावर लोक रस्त्यावर नाचले ते मनापासून नाचले. पहिल्या वर्षाचे पत्र नेहमी चांगलेच असते. बारावे वर्ष कसे जाते हे पाहायचे असेल तर सुदानकडे पाहावे लागेल, आणि तिथली साक्ष दुसऱ्या कोणाची नाही, रेल्वे कामगारांची आहे.

नाईल आणि अतबरा या नद्यांच्या संगमावर अतबरा नावाचे शहर आहे. आपल्याकडे परळ, जमालपूर किंवा पोन्मलै तसे ते रेल्वेचे, वर्कशॉपचे गाव. सुदानमधली कामगार चळवळ १९४६-४७ मध्ये इंग्रजांच्या अमलाखाली इथेच उभी राहिली. देश १९५६ मध्ये स्वतंत्र झाला. दोनच वर्षांनी पंतप्रधान अब्दल्ला खलील यांची खुर्ची डळमळू लागली, तेव्हा सत्ता विरोधकांच्या हाती जाण्यापेक्षा लष्कराकडे बरी, असा विचार करून त्यांनी जनरल अब्बूद यांना पुढे केले असे मानले जाते. वेंकण्णाच्या हातून दुसरे काय झाले होते? नोव्हेंबर १९५८ मध्ये अब्बूद आले आणि त्यांनी कामगार संघटना बंद करून टाकल्या. सहा वर्षांनी, ऑक्टोबर १९६४ मध्ये, विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि सार्वत्रिक संप पुकारला गेला. त्या संपाने अब्बूद यांना घरी पाठवले.

मे १९६९ मध्ये कर्नल निमेरी आले. त्यांची भाषा कामगारांची होती, सुरुवातीला संघटनाही त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. हा भाग आम्ही मुद्दाम सांगतो आहोत, कारण फसायची पाळी कधी आपल्यावरही येऊ शकते. जुलै १९७१ मध्ये त्यांच्याविरुद्धचा एक उठाव फसला. त्यानंतर सुदान कामगार महासंघाचे सरचिटणीस शफी अहमद अल-शेख यांना फाशी देण्यात आले. त्याच वर्षी सार्वमत घेऊन निमेरी राष्ट्राध्यक्ष झाले. १९८१ मध्ये रेल्वे कामगारांनी संप केला, तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी संघटना बरखास्त केली आणि हजारो संपकऱ्यांना कामावरून काढले. एप्रिल १९८५ मध्ये पुन्हा सार्वत्रिक संप झाला आणि निमेरी गेले. मग चार वर्षांनी, ३० जून १९८९ रोजी, ब्रिगेडियर ओमर अल-बशीर आले. पक्ष बंद, संघटना बंद, संपाची हाक देणाऱ्या डॉक्टरांच्या पुढाऱ्याला फाशीची शिक्षा. जगभरातून दबाव आला म्हणून ती अमलात आली नाही. १९९३ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि ३० वर्षे सत्तेवर राहिले. आपल्या ट्रॅकमन बंधूंनी मागितलेल्या पाच वर्षांची तिथे ३० वर्षे झाली.

डिसेंबर २०१८ मध्ये पावाची किंमत वाढली तेव्हा पहिली मोठी निदर्शने अतबरालाच झाली. ११ एप्रिल २०१९ रोजी बशीर पडले. त्याच महिन्यात अतबराहून खार्टूमला एक आगगाडी आली. डब्यांच्या टपांवरही माणसे बसलेली, झेंडे फडकत होते, आणि लष्करी मुख्यालयासमोर धरणे धरून बसलेल्या लोकांनी तिचे स्वागत केले. ते चित्र पाहून आमच्या कार्यालयातल्या एका जुन्या ड्रायव्हरने गाडीचा वेग किती असेल हे आधी विचारले आणि मग डोळे पुसले. पुढची हकिगत गोड नाही. ३ जून २०१९ ला ते धरणे गोळ्या घालून उठवले गेले, ऑक्टोबर २०२१ मध्ये जनरल बुरहान यांनी नागरी सरकार मोडले, आणि १५ एप्रिल २०२३ पासून दोन सेनापतींच्या फौजा एकमेकींशी लढू लागल्या. संघटनेने तीन लष्करशहांना खाली खेचले, तरी तिच्या नेत्यांना मारून, माणसांना काढून, तिला इतके पोखरले गेले होते की चौथ्याला अडवायला लागणारे बळ तिच्यात उरले नव्हते, असे आम्हाला वाटते.

आपल्याकडे लष्कर बराकीत राहिले, त्याचे श्रेय लष्करालाही आहे. पण "एकदा कडक माणूस येऊ दे" या वाक्याची चव आपण अगदीच घेतली नाही असे नाही. मे १९७४ चा रेल्वे संप आठवणारे आता थोडेच उरले आहेत. ८ मे रोजी सुरू झालेल्या त्या संपात सुमारे १७ लाख कामगार होते. अटका झाल्या, रेल्वेच्या क्वार्टरमधून बायकामुलांना बाहेर काढले गेले, आणि गाड्या चालवायला प्रादेशिक सेनेच्या रेल्वे तुकड्या बोलावल्या, म्हणजे आपलीच माणसे गणवेश चढवून आपल्यासमोर उभी केली. वीस दिवसांत संप मागे घ्यावा लागला. पुढल्या वर्षी, जून १९७५ मध्ये, आणीबाणी आली. गाड्या वेळेवर धावतात, बाबू वेळेवर कचेरीत येतात, असे सगळीकडे ऐकू येऊ लागले. खोटे नव्हते ते, गाड्या खरोखरच वेळेवर धावत होत्या. सप्टेंबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला आणि कारखान्यांतल्या कामगारांचा किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला. वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीच्या ठेवीत आधीच जात होता. गेट मीटिंग घेऊन बोलावे, तर गेटवर पोलीस. ते पहिल्या वर्षाचे पत्र होते. आपल्या नशिबाने सातव्या वर्षाचे लिहिण्याची वेळ आली नाही, कारण मार्च १९७७ मध्ये मते मोजली गेली. नव्या सरकारात रेल्वेमंत्री झालेल्या मधु दंडवते यांनी १९७४ च्या संपात काढलेल्या कामगारांना परत घेतले. कावेरीकाठच्या कुळाकडे आणि अतबराच्या फिटरकडे मतपेटी नव्हती, आपल्याकडे होती.

तिरुवैयारुहून परत फिरताना आम्ही तिरुचिरापल्लीला पोन्मलैच्या वर्कशॉपपाशी उतरतो. ५ सप्टेंबर १९४६ रोजी तिथे साउथ इंडियन रेल्वेच्या संपकरी कामगारांवर मलबार स्पेशल पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच कामगार मारले गेले. त्याच पावसाळ्यात, ११ जुलैपासून, देशभरच्या पोस्टमन बांधवांचाही संप झाला होता. तिथे हुतात्म्यांना आजही हार घातला जातो. संघटना फुकट मिळालेली नाही, हे तिथल्या जुन्या माणसांना वेगळे सांगावे लागत नाही.

आता त्या ट्रॅकमन बंधूंच्या सात महिन्यांच्या भत्त्याविषयी. संघटना आळशी झाली आहे, पदाधिकारी साहेबांच्या केबिनमध्ये चहा पितात, तक्रार केली तर महिनोन्‌महिने उत्तर येत नाही, असे त्यांनी पत्रात लिहिले आहे. यातले निम्मे खरे आहे आणि ते छापायला आम्हाला लाज वाटत नाही. सेनापतीला बोलावण्याचा विचार माणसाच्या मनात अशाच वेळी येतो. वेंकण्णा रुसला होता तो आपल्याच दरबारावर. आम्ही त्यांचे पत्र विभागीय सचिवांकडे दिले. त्या गँगमधल्या आणखी अकरा जणांचा भत्ताही अडकला होता, त्यांच्यापैकी कोणीच लिहिले नव्हते. बारा नावांची यादी, पाळ्यांच्या तारखांसह, वाटाघाटी यंत्रणेच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घातली आहे. त्या बैठकीला ट्रॅकमन बंधूंनी स्वतः हजर राहावे असे शाखेने त्यांना कळवले आहे. रजेचा अर्ज सोबत जोडला आहे, त्यावर सही तेवढी करायची आहे.